आपला मार चीनला गेला आणि त्याचं एक अक्षर झालं

जपानी शिकायला लागलं की अगदी सुरवातीलाच एक वाक्य पाठ करून घेतात, ओजामा शिमासु. कुणाच्या घरी गेलात, दार उघडलं, चपला काढल्या आणि आत पाऊल टाकता टाकता हे म्हणायचं. आपण "येऊ का?" म्हणतो ना साधारण तीच वेळ, फक्त अर्थ जरा वेगळा, "तुमच्या कामात मधेच येतेय हं" असा काहीसा. पुण्यात क्लासला जात होते तेव्हा हे वाक्य मी शंभरदा तरी म्हटलं असेल, आणि मग एक दिवस ते कांजीत म्हणजे चिनी अक्षरांत लिहिलेलं बघितलं. जामा या शब्दात दोन अक्षरं आहेत, जा म्हणजे वाकडं, वाईट, आणि मा म्हणजे डिक्शनरीत लिहिलं होतं दैत्य, सैतान. आता पाहुणी म्हणून घरात शिरताना मी सैतानाचं नाव का घेतेय? खाली बारीक टायपात मूळ दिलं होतं: संस्कृत, मार.

आपला मार. म्हणजे मृ धातूतला, मरण, मारणे, मृत्यू या सगळ्यांच्या कुळातला. मार म्हणजे मारणारा, मरण आणणारा. महाराष्ट्रात ज्या घरांत बुद्धवंदना होते तिथे हे नाव कुणाला सांगायला लागत नाही, लग्नात जयमंगल अष्टगाथा म्हणतात तिची पहिलीच गाथा त्याच्यावर आहे, हजार हात काढून, प्रत्येक हातात शस्त्र घेऊन, गिरिमेखल हत्तीवर बसून सैन्यासकट आलेला तो, "उदितघोरससेनमारं". आणि ज्यांनी अजिंठ्याची 26 नंबरची लेणी नीट बघितलीय त्यांनी तर त्याला प्रत्यक्ष पाहिलंय, आत गेल्यावर डाव्या बाजूच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची ती आडवी प्रचंड मूर्ती आहे ना, तिच्याच रांगेत पुढे मारविजयाचं शिल्प आहे, मधे बुद्ध शांत बसलेला, एक हात जमिनीला लावलेला, आणि भोवती मार, त्याचं सैन्य, त्याच्या मुली. बरेच लोक झोपलेल्या बुद्धाचा फोटो काढतात आणि मागे फिरतात. प्लीज तसं करू नका.

तर हा मार म्हणजे भूत नाही, हे आधी लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. बौद्ध विश्वात तो एक देव आहे, इच्छा-वासनांच्या जगात जे सहा स्वर्ग आहेत त्यातल्या सहाव्या, सगळ्यात वरच्या स्वर्गाचा मालक. त्याचं काम काय, तर साधकाला त्याच्या वाटेवरून हलवणं. कधी भीती दाखवून, कधी मोह दाखवून. आणि शिवाय ग्रंथांत माराचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला एकच खराखुरा देव, बाकीचे म्हणजे आपल्याच मनातले क्लेश, आपलंच शरीर-मन, आणि मृत्यू. म्हणजे एकाच शब्दात बाहेरचा शत्रू पण आहे आणि आतला पण.

आता कल्पना करा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लोयांग शहरात बसून कुणीतरी हे चिनीत आणायचा प्रयत्न करतोय. चिनी भाषेत दुष्ट शक्तींसाठी शब्द नव्हता असं नाही, ग्वे हा शब्द तर फार जुना, पण ग्वे म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत, ज्याचं नीट दिवसपाणी झालं नाही असं. मार मेलेला नाही, माणूस नाही, तो वरच्या स्वर्गात राहतो. त्याला ग्वे म्हटलं तर गोष्टच बदलते. अर्थावरून "मारणारा" किंवा "अडथळा" असं भाषांतर केलं तर अर्धाच मार हाती लागतो. म्हणून भाषांतरकारांनी तो शब्द आवाजासकट उचलला. (ही पुढे पद्धतच झाली, ह्युएन त्सांगच्या नावावर तर भाषांतर कधी करू नये आणि मूळ आवाज कधी ठेवावा याचे पाच नियम सांगितले जातात, त्यातला एक असा की ज्या शब्दाला बरेच अर्थ आहेत तो तसाच ठेवा.)

पण चिनी लिपीत आवाज लिहायचा म्हणजे प्रॉब्लेम आहे. आपल्यासारखं म ला काना देऊन भागत नाही, तिथे प्रत्येक अक्षराला आधीपासून काही ना काही अर्थ असतो. मग करतात काय, ज्याचा उच्चार जवळचा आहे असं एखादं अक्षर घेतात आणि त्याचा अर्थ तेवढ्यापुरता विसरतात. मारासाठी, परंपरा असं सांगते की, आधी घासणे, दळणे या अर्थाचं एक अक्षर वापरायचे. ते असं दिसतं: वर एक छप्पर, छपराखाली अंबाडीसारखे दोन झुडपांचे आकार शेजारी शेजारी, आणि त्याच्या खाली दगड. वरचा छप्पर-झुडपांचा भाग म्हणजे मा, भांग किंवा तागासारखं धाग्याचं झाड, तो इथे फक्त आवाज सांगायला. खालचा दगड अर्थ सांगायला, दगडावर घासतात म्हणून. चिनीतली बहुतेक अक्षरं अशीच जोडलेली असतात, एक तुकडा आवाजाचा, एक अर्थाचा. "चिनी अक्षरं म्हणजे चित्रं" असं जे आपल्याकडे सर्रास सांगतात ना, ते थोड्याच अक्षरांच्या बाबतीत खरं आहे, आणि त्यामुळे लोक प्रत्येक अक्षरात काहीतरी गूढ चित्र शोधत बसतात. इथे ताग आणि माराचा काहीही संबंध नाही. ताग फक्त "मा" म्हणायला आलाय.

आज मारासाठी जे अक्षर आहे त्यात मात्र खाली दगड नाही, तेच ग्वे म्हणजे भूत आहे. मग दगड जाऊन भूत कुठून आलं? याचं श्रेय परंपरेनं दिलंय लियांग घराण्याच्या सम्राट वू ला, ज्यानं 502 ते 549 दक्षिण चीनवर राज्य केलं. हा माणूस मनापासून बौद्ध होता, इतका की सिंहासन सोडून विहारात जाऊन राहायचा आणि मंत्र्यांना भलीमोठी रक्कम दान देऊन त्याला परत आणायला लागायचं. त्याला म्हणे हे पटलं नाही की माणसाला एवढं छळणाऱ्या शक्तीच्या नावात दगड असावा, म्हणून त्यानं दगड काढला आणि तिथे ग्वे म्हणजे भूत बसवलं. अक्षर खरंच त्यानंच बदललं का त्याच्या काळात लोकांनी आपोआप बदललं हा भाग वेगळा, पण अक्षर नंतरचं आहे हे नक्की, कारण चिनी अक्षरांचा सगळ्यात प्रसिद्ध जुना कोश इसवी सन 100 च्या सुमाराचा, त्यात हे नव्हतं, 986 साली त्या कोशाची नवी आवृत्ती काढताना संपादकानं जी अक्षरं मागाहून घातली त्यात हे आलं. तिथे अर्थ अगदी दोन शब्दांत दिलाय: भूतच.

मला या अक्षराबद्दल सगळ्यात जास्त हेच वाटतं, की हे आपल्या एका आवाजासाठी बनलं. ज्या शब्दाला तिथे घर नव्हतं त्याच्यासाठी घर बांधलं.

आणि त्याची भावंडं पण बघा. दगडवालं जे अक्षर, ते आजही बोधिधर्माच्या नावात आहे, धर्म मधलं "म" त्यानं लिहितात, जपानमधला तो लाल गोल दारुमा बाहुला म्हणजे हाच. आणि तिसरं भावंड, वर तेच छप्पर आणि ताग, पण खाली हात. त्याचा मूळ अर्थ चोळणे, आणि संस्कृत "महा" लिहायला ते ठरलेलंच होतं. 641 च्या सुमाराला ह्युएन त्सांग आपल्याकडे आला, पुलकेशीबद्दल त्यानं लिहिलं, पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या विहाराबद्दल लिहिलं जो बहुतेक अजिंठा असावा असं मानतात, आणि देशाचं नाव लिहिलं मो-हो-ला-छा. महाराष्ट्र. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे हे हातवालं. म्हणजे मार, धर्म आणि महाराष्ट्र, तिघांचा म एकाच छपराखालचा.

आता तुम्ही म्हणाल मो कसं काय, मा का नाही. तर चिनी उच्चार मधल्या हजार-दीड हजार वर्षांत सरकले. ज्या काळात हे शब्द घेतले तेव्हा हे अक्षर मा किंवा म्वा असं काहीतरी वाजायचं, नंतर अशा बऱ्याच शब्दांतला आ गोल होत होत ओ झाला. म्हणून आजच्या मँडरिनमध्ये मार चा मो-लुओ झालाय, पारमिता चं पो-लुओ-मी. पण जपान, कोरिया, व्हिएतनामनं हे अक्षर जुन्या काळातच घेतलं होतं, त्यांनी आपापल्या तोंडात तो जुना आवाज जपला, त्यामुळे तिन्हीकडे आजही "मा". चीननं स्वतःचा उच्चार बदलला आणि ज्यांनी उसना घेतला होता त्यांच्याकडे तो टिकला, आपल्याकडेही असं होतं, बाहेर जाऊन पिढ्यानपिढ्या राहिलेल्या लोकांच्या मराठीत जुने शब्द सापडतात तसं.

चीनमध्ये अर्थ पुढे कुठे गेला? धर्माच्या बाहेर पडल्यावर तो बराचसा जादूकडे गेला. मोशू म्हणजे जादूचे प्रयोग, मोली म्हणजे मोहिनी, एखाद्या गोष्टीतली ओढ. रुबिक्स क्यूब म्हणजे मोफांग, जादूचा चौकोन. मोयू नावाचा एक कंद आहे, आपल्या सुरणाचा जवळचा नातेवाईक, तोही कच्चा तोंडात घातला तर घशाला खाजतो, त्याच्या पिठाच्या नूडल्स आता भारतातही डाएटवाले खातात, त्याच्या नावात पण हाच मो. शांघायला लोक प्रेमानं मोदू म्हणतात, मो ची नगरी, आणि ते नाव मुळात एका जपानी लेखकानं, मुरामात्सु शोफूनं 1924 मध्ये शांघायवरच्या पुस्तकाला दिलेलं, तेव्हा त्यात गुन्हेगारी, जुगार, झगमगाट सगळं एकत्र होतं, आज तिथली तरुण मुलं ते अभिमानानं लावतात.

पण जुना अर्थ गेला नाहीये. मो अंगात शिरणं असा वाक्प्रचार आहे, साधना किंवा व्यायाम चुकीच्या पद्धतीनं केला की आग भलतीकडे जाते आणि मो शिरतो, असा मूळ अर्थ, आणि आज शेअर बाजाराच्या किंवा गेमच्या मागे लागून खाणंपिणं विसरलेल्या माणसाबद्दल सहज म्हणतात. याला मराठीत झपाटणं इतका नेमका शब्द आहे की मला दुसरा शोधावासा वाटत नाही. आणि एक म्हण आहे, मार्ग एक फूट वर जातो तेव्हा मो दहा फूट वर जातो. आज पोलीस आणि चोरांबद्दल वापरतात, कधी उलटी करूनही म्हणतात, पण मूळ ती साधकाला दिलेली सूचना आहे, की तू जितका पुढे जाशील तितका तुझ्या वाटेतला अडथळा मोठा होईल. यात तो अजिंठ्याचा मार बरोबर दिसतो.

जपानमध्ये मात्र या अक्षराचा संसार सगळ्यात मोठा. जामा म्हणजे आधी बौद्ध ग्रंथांत साधनेत अडथळा आणणारा दुष्ट मार, मग नुसता अडथळा, मग "बाजूला हो, मधे येऊ नकोस" आणि शेवटी दारातलं ते नम्र वाक्य. म्हणजे घरात शिरताना माणूस म्हणतो, मी आता तुमच्या शांततेतला मार होतोय. मला हे फार सुंदर वाटतं, खरंच.

मा गा सासु म्हणजे मा मधेच डोकावला. एरवी सरळ असलेला माणूस एका क्षणी काहीतरी चुकीचं करून बसतो, दुकानातून वस्तू उचलतो, आणि नंतर म्हणतो काय झालं कळलंच नाही. आपल्याकडे आई म्हणते ना, कुठून अवदसा आठवली तुला, तेच. झोपेचा असह्य अंमल म्हणजे सुईमा, झोपेचा मा. सतत काहीतरी टिपून ठेवणारा माणूस मेमो-मा, म्हणजे व्यसन असल्यासारखं करणारा कुणीही. आणि दिवेलागणीची वेळ, जिला आपण तिन्हीसांजा म्हणतो, झाडू मारू नको, झोपू नको, उंबऱ्यावर बसू नको म्हणतो, तिला जपानीत ओउमागातोकी असा शब्द आहे, आणि तो लिहितात "मा भेटण्याची वेळ" असा. यात गंमत अशी की मूळ शब्द होता मोठ्या अरिष्टाची वेळ, त्यातल्या "मागा" चा माराशी संबंध नव्हता, पण ऐकायला मा आला आणि लोकांनी अक्षर बदलून टाकलं. म्हणजे जसा चिनी लोकांनी आवाज धरून मार आत आणला तसाच इथेही आवाज धरूनच तो संध्याकाळीत शिरला.

थर्मासला माहोबिन म्हणतात, जादूची बाटली. आणि यमाला एन्मा, त्यात शेवटी हेच अक्षर, यम मधल्या म साठी. खोटं बोललास तर एन्मा जीभ उपटेल असं तिथे लहान मुलांना सांगतात. दान्मात्सुमा असा एक शब्द आहे, मरतानाची शेवटची किंकाळी, वेदना. मला वाटलं होतं की हा मा म्हणजे मारच असणार, मरणाचाच विषय आहे. तर नाही. मात्सुमा म्हणजे मर्म. सुश्रुतसंहितेत ज्या 107 जागा सांगितल्या आहेत ती मर्मं, आणि दान म्हणजे तोडणे, मर्म तुटणं म्हणजे मृत्यू. मर्मातला म लिहायला इतकी अक्षरं असताना कुणीतरी हेच निवडलं, आणि आता वाचणाऱ्याला त्यात भूत दिसतं.

इतिहासात पण एक प्रसंग आहे. ओदा नोबुनागा, सोळाव्या शतकातला जपानी सरदार, ज्यानं 1571 मध्ये क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरचा एन्र्याकुजी मठ जाळला. त्याचा शत्रू ताकेदा शिंगेन, त्यानं पत्राखाली सही केली ती त्या मठाच्या तेंदाई या बौद्ध पंथाचा प्रमुख म्हणून, आणि नोबुनागानं उत्तरात सही केली "सहाव्या स्वर्गातला मा-राजा". हे आपल्याला कळतं लुईस फ्रोइश नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याच्या 1573 च्या पत्रातून. आजच्या गेम आणि अॅनिमेत नोबुनागाला दैत्यराजा म्हणून रंगवतात ते यावरूनच, पण त्या सहीत नुसता दैत्य नाहीये, सहावा स्वर्ग आहे, साधकांना अडवणारा तोच देव आहे. मठ जाळणाऱ्यानं कुठलं नाव घ्यावं हे त्याला नेमकं माहीत होतं.

कोरियात आज हे अक्षर फारसं कुणी लिहीत नाही, सगळं हंगुलमध्ये म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लिपीत, त्यामुळे खाली भूत आहे की दगड हे वाचणाऱ्याला दिसतच नाही, नुसता "मा" दिसतो, आणि घोडा पण मा, ताग पण मा. तरी शब्द जिवंत आहे. आंगमा म्हणजे सैतान, लिहितात आक-मा पण पुढच्या म मुळे क चा ङ होतो, आपल्याकडे वाक् अधिक मय चं वाङ्मय होतं अगदी तसाच. मोठी आग लागली की पेपरवाले ह्वामा लिहितात, आगीचा मा, तो गावाला ओरबाडून गेला असं. चांगलं चाललेलं काम अचानक बिघडलं तर मा मधे अडकला म्हणतात, म्हणजे आपली ती कुठेतरी माशी शिंकली. आणि चार अक्षरांची एक म्हण आहे होसादामा, चांगल्या कामात मा फार. हीच म्हण आजच्या चिनीत लिहितात तेव्हा शेवटी भूतवालं नाही, दगडवालं अक्षर घालतात, म्हणजे चांगल्या कामात घासाघीस फार. सम्राट वू नं बदललेला तो दगड इथे परत आलाय.

आणि कोरियनमध्ये खुन्याला, म्हणजे लागोपाठ खून करणाऱ्याला, म्हणतात सारिनमा. माणसं मारणारा मा. मार या शब्दाचा मूळ अर्थच मारणारा होता हे त्या बातमी वाचणाऱ्याला माहीत नसतं.

व्हिएतनाममध्ये तर लिपीच रोमन झाली, अक्षर दिसत नाही, पण मा म्हणजे सरळसरळ भूत, आणि हा शब्द याच अक्षरावरून आला असं मानतात. व्हिएतनामी शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी जे सूर शिकवतात ते याच शब्दावर, मा सपाट सुरात म्हटलं तर भूत, चढत्या सुरात आई, उतरत्या सुरात पण, आणि बाकीच्या सुरांत थडगं, घोडा, भाताचं रोप. नव्या माणसाला जुन्यांनी त्रास दिला की म्हणतात जुनं मा नव्या मा ला छळतं. पण माझी सगळ्यात आवडती म्हण ही, "बुत बरोबर जाशील तर का सा घाल, मा बरोबर जाशील तर कागदाचे कपडे घाल." तिथे मेलेल्यांसाठी कागदाचे कपडे जाळतात, म्हणून भुताबरोबर कागदाचे. अर्थ आपला, जसा देश तसा वेश. आता परत वाचा. बुत म्हणजे बुद्ध. का सा म्हणजे काषाय, भिक्षूंचं चीवर. मा म्हणजे मार. खेड्यातली म्हातारी नातवाला सांगेल अशी साधी म्हण आणि तिच्यात तीन शब्द आपल्याकडचे, आणि बोधगयेच्या पिंपळाखाली समोरासमोर आलेले ते दोघं इथे एकाच वाक्यात शेजारी.

हे अक्षर लिहायला मात्र कंटाळवाणं आहे, जपानी पद्धतीनं मोजलं तर 21 रेघा. म्हणून हातानं भराभर लिहिताना जपानमध्ये काही लोक एक शॉर्टकट वापरतात, कोशात नाही पण वहीत, नोट्समध्ये दिसतो. छप्पर तेवढं काढतात. त्याखालचा ताग काढत नाहीत, भूतही काढत नाहीत. तिथे काताकाना लिपीतला एक छोटासा, दोन रेघांचा "मा" लिहितात, आणि वाचणारा बरोबर वाचतो.